मोरपंखी साडीची घडी

“वहिनी, थांबा. ओटी भरल्याशिवाय पाठवणार नाही मी,” असं म्हणत चंपाआत्या पाट घेऊन बाहेर आली आणि आईचं तोंड एवढंसं झालं.

ओटी भरून घेतली की कधीतरी ती परत भरावी लागते, आणि त्या वर्षी आमच्या घरात परत करण्यासारखं काहीच नव्हतं. संक्रांतीनंतरचा रविवार होता. आत्याकडच्या हळदीकुंकवाला मी आणि आई सांगलीहून बुधगावला चालत आलो होतो. एसटीचे पैसे वाचवायचे म्हणून. आत्यानं विचारलं तेव्हा आई म्हणाली, “गाडीला गर्दी होती बाई फार.” मी तेरा वर्षांची होते. आई खोटं बोलते तेव्हा तिच्याकडं बघायचं नाही, एवढं मला कळत होतं.

“कशाला उगीच, वन्सं,” आई म्हणाली.

“बसा की मुकाट्यानं. ओटीला नाही म्हणतात होय?”

तेच तर होतं. ओटीला नाही म्हणता येत नव्हतं. आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, सक्त नियम होता की नातेवाइकांकडून एक पैसा घ्यायचा नाही. अण्णांनी एकाच्या भागीत मेटॅडोर घेतली होती. ती पेठनाक्याजवळ उलटली, भागीदार हात झटकून मोकळा झाला आणि पतसंस्थेचं सगळं कर्ज अण्णांच्या डोक्यावर आलं. त्या कर्जाला जामीन होते आत्याचे यजमान, शाळामास्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, आत्यासुद्धा. आमचे चार हप्ते थकले होते. मार्चअखेरपर्यंत ते भरले नाहीत तर गुरुजींच्या पगारातून कापून घेऊ, अशी नोटीस आमच्याकडंही आली होती आणि त्यांच्याकडंही. अण्णांना रात्रंदिवस तेवढी एकच काळजी होती. गुरुजींचा पगार कापला गेला तर बहिणीच्या दारात पाय ठेवायला तोंड राहणार नव्हतं.

गुरुजी तिथंच खुर्चीत पेपर वाचत बसले होते. नोटिशीबद्दल ते आईला चकार शब्द बोलले नाहीत. फक्त आत्या डाव्या हातानं कुंकू लावायला निघाली तेव्हा म्हणाले, “उजवा हात वापर. पन्नाशी आली तरी शिकवायचं का?” आणि मग पेपरामागूनच, “कुड्या हरवल्या विहिरीवर. हिच्या आईच्या होत्या, पाच मोत्यांच्या. सणासुदीचं कानात काड्या घालून हिंडतीये.”

आत्याच्या कानात खरंच कडुनिंबाच्या काड्या होत्या. ती नुसती हसली. तिनं आईच्या ओटीत नारळ, तांदूळ आणि एक साडी घातली. मोरपंखी रंगाची, बारीक जरीच्या काठाची, कागदाच्या पट्टीतली, कडक घडीची. आई बघतच राहिली.

निघताना आत्यानं मला तिळगूळ बांधून द्यायचं निमित्त करून स्वैपाकघरात नेलं. माझा दंड घट्ट धरला.

“संजू, घरी गेल्यावर आईला सांगायचं. आत्यानं सांगितलंय म्हणावं, रथसप्तमीच्या आत या साडीची घडी मोड. स्वतः नेस. आहेराबिहेरात कुणाला देऊ नको. काय सांगशील?”

“रथसप्तमीच्या आत घडी मोड. आहेरात देऊ नको.”

“विसरशील?”

“नाही विसरणार.”

आणि मी विसरले नाही. विसरले असते तर फार बरं झालं असतं.

आमच्या खणभागातल्या दोन खोल्यांत दारावरच्या फळीवर डालड्याचे सहा रिकामे डबे ओळीनं मांडलेले होते. अण्णा तेलाच्या गिरणीत होते. एक तारखेला पगार आणून आईच्या हातात देत, आणि आई तो त्या डब्यांत वाटून टाकी. भाडं, किराणा, रॉकेल, शाळा, हप्ता आणि आलं-गेलं. डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या होत्या, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याची जरा जास्तच घमेंड होती. एका डब्यातले पैसे दुसऱ्यात जायचे नाहीत. डबा रिकामा झाला की ती गोष्ट त्या महिन्यात संपली. दूध असा डबाच नव्हता. आम्ही सगळे, माझ्या सात वर्षांच्या भावासकट, कोरा चहा पीत होतो. अण्णांनी सायकल विकली होती आणि गिरणीत पायी जात होते. आई शर्टांची काजंबटणं करून जे मिळवी ते थेट हप्त्याच्या डब्यात टाकी. अंगाचा साबण संपत आला की त्याच्या चपट्या एकमेकींना चिकटवून नवी वडी व्हायची. या सगळ्याचं मला दुःख होतं असं म्हणणार नाही. खरं सांगायचं तर मला त्यात मजा वाटायची. आपण हुशारीनं चाललोय असं वाटायचं.

लग्नामुंजींचे आहेर ‘आलं-गेलं’मधून होत नसत. त्यासाठी एक पत्र्याची पेटी होती. आईला कुठून साडी, खण, भांडं मिळालं की ते जसंच्या तसं पेटीत जाई आणि पुढच्या लग्नात बाहेर पडे. आलेला आहेर चुकून देणाऱ्याच्याच घरी परत जाऊ नये म्हणून प्रत्येक वस्तूला कुणी, कधी, कुठं दिली याची चिठ्ठी टाचणीनं लावायची. हे खातंही माझंच. नवी साडी आमच्या घरात कुणी नेसत नसे. घडी मोडली की साडीची किंमत संपली, असा साधा हिशोब होता.

त्या रविवारी घरी आलो तर अण्णांनी लग्नाची पत्रिका पुढं केली. पतसंस्थेच्या वसुलीचे चौगुले साहेब, त्यांच्या मुलीचं लग्न.

“माणूस चांगला आहे,” अण्णा म्हणाले. “दोनदा येऊन गेला, पण आवाज चढवला नाही. खण देऊन नाही भागायचं. साडीच द्यायला पाहिजे.”

“पेटीत साडी नाही,” आई म्हणाली. “दोन खण आहेत नि एक तांब्या.”

“मग विकत घ्यावी लागंल. ऐंशी-नव्वदला येईल बरी.”

“ऐंशी-नव्वद कुठनं आणायचे?”

तिघांचीही नजर देवाच्या कोनाड्याकडं गेली. तिथं कापराच्या रिकाम्या डबीत पंच्याऐंशी रुपये होते. ते माझ्या सहलीचे. शाळेची सहल विजापूरला निघणार होती आणि आईनं चार महिने जास्तीची काजं करून ते वेगळे काढले होते. अण्णांना तिनं निक्षून सांगितलं होतं, हे हप्त्याचे नव्हेत, पोरीचे आहेत.

ओटीची साडी अजून आईच्या पिशवीतच होती. मी उठले, ती काढली आणि म्हटलं, “ही आहे की. आत्यानं दिलेली.”

आईनं साडी मांडीवर घेतली. काठावरून हात फिरवला. “मला वाटलं होतं ही नेसावी,” ती म्हणाली. “किती वर्षं झाली, असा रंग नाही नेसले.”

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तोंडाशी आलेले होते. रथसप्तमीच्या आत घडी मोड. पण ते शब्द बोलले की साडी आईची होणार होती आणि पंच्याऐंशी रुपये चौगुल्यांच्या मांडवात जाणार होते.

“बघ बाई, घडी मोडली तर वाया जाईल,” मी म्हणाले. आईच्याच आवाजात, तीच नेहमी म्हणायची तसं.

आई हसली. “खरंय तुझं. लाव चिठ्ठी.”

मी चिठ्ठी लावली. लग्नाच्या दिवशी ती काढून दुसरी लावली. ‘श्री. हेरवाडे, खणभाग, सांगली यांजकडून’. चांगल्या वळणदार अक्षरात.

लग्नानंतरच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला चौगुले साहेब आमच्या दारात उभे राहिले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि बरोबर गुरुजी. साहेब त्यांना बुधगावहून स्वतःच्या स्कूटरवर घेऊन आले होते.

“या, या,” अण्णांनी सतरंजी अंथरली. “चहा टाक गं.”

“चहा नको,” साहेब म्हणाले. ते बसलेही नाहीत. “हेरवाडे, मी तुम्हाला सरळ माणूस समजत होतो. जामीनदारांना मुद्दाम आणलंय. उद्या कुणी म्हणायला नको की चौगुल्यानं परस्पर काही केलं.”

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत मोरपंखी साडी होती, अर्धी उलगडलेली. तिच्यावर त्यांनी एक पांढऱ्या कापडाची चपटी पिशवी ठेवली. पिशवीची एक बाजू उसवलेली होती आणि आतून शंभराच्या नोटा दिसत होत्या.

“आमच्या घरातल्यांनी काल घडी मोडली. आतल्या पदराला ही टाचलेली. पंधरा नोटा आहेत. वसुली थांबवायला दीड हजार? माझ्या मुलीच्या लग्नात? आहेराच्या नावाखाली?”

अण्णांना आधी काही समजलंच नाही. ते नोटांकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

“साहेब, माझ्या घरात दीड हजार रुपये नाहीत. असते तर हप्ता भरला नसता का? हे पैसे माझे नव्हेत.”

“चिठ्ठी तुमच्या नावाची आहे.”

“चिठ्ठी माझीच. साडी माझीच. पैसे माझे नव्हेत. देवाशपथ.”

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. त्या दीड हजारांचा मालक कोण हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं. घडी मोड, आहेरात देऊ नको. आत्यानं माझा दंड किती घट्ट धरला होता ते आठवलं.

तेवढ्यात गुरुजी पुढं वाकले. त्यांनी चष्मा सारखा केला. “थांबा. ही साडी तर आमच्याकडची. संक्रांतीला ओटीत घातलेली. हीच ना हो वहिनी?”

“हीच,” आई म्हणाली.

“मग हे पैसे—” गुरुजींच्या कपाळावर आठी चढली. “साडी आमच्या घरातून आली म्हणजे...”

आई चुलीकडून उठून आली. खाली बसून तिनं ती पांढरी पिशवी हातात घेतली, उसवलेली शिवण बोटानं सरळ केली आणि क्षणभर बघितली. आई रोज शेकडो टाके घालणारी बाई. डावखुऱ्या माणसाचा टाका उलट्या अंगाला कलतो, हे मला पुढं तिनंच दाखवलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की तिनं पिशवी मुठीत गच्च मिटली.

“साडी तुमच्याकडची, गुरुजी,” ती म्हणाली. “पैसे मी घातले.”

“काय?” अण्णा म्हणाले.

“मी घातले. काजाबटणाचे साठवलेले. साहेबांनी जरा दम धरावा म्हणून. चूक झाली माझी.”

सगळ्यात आधी गुरुजी बोलले, आणि ते ओरडले असते तर परवडलं असतं.

“म्हणजे माझ्या पगारावर गदा यायची वेळ आली, आणि तुमच्या घरात दीड हजार पडून होते. आमची चंपा दोन वर्षं एका चपलेवर काढतीये वहिनी, तुमच्या कर्जाच्या धास्तीनं. मी घरातलं दूध अर्ध्यावर आणलंय.”

“चुकलं माझं,” आई पुन्हा म्हणाली.

चौगुले साहेबांचा राग उतरला होता. बाईमाणूस समोर मान खाली घालून बसलेलं त्यांना बघवेना. “वहिनी, असलं काही करू नये,” ते म्हणाले. “मी हे वर कळवत नाही. हप्त्यात जमा करून घेतो. पावती उद्या पाठवतो. राहिलेले पाचशे मार्चच्या आत भरा, म्हणजे गुरुजींना त्रास नाही.” साडी तिथंच ठेवून ते दोघं निघून गेले.

अण्णा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

“पोरं कोरा चहा पितात,” ते म्हणाले. “मी चार मैल चालत जातो. आणि तू साठवत होतीस. वर माझ्या नावानं लाच दिलीस.”

आई साडीची घडी घालत राहिली. मी बोलू शकले असते. गुरुजी गेलेले होते, आत्याचं नाव आता फक्त अण्णांना कळलं असतं. पण ते सांगायचं तर निरोपाचं सांगावं लागलं असतं, आणि निरोपाचं सांगायचं तर पंच्याऐंशी रुपयांचं. मी भावाला घेऊन मागच्या नळावर गेले आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

एक तारखेला अण्णांनी पगाराचं पाकीट आणलं. आईनं सवयीनं हात पुढं केला. तिचा हात तसाच ठेवून अण्णांनी पाकीट मला दिलं.

“आजपासून डबे तू सांभाळायचे,” ते म्हणाले. “पैचा हिशोब मला द्यायचा.”

आईनं हात पदराला पुसला आणि ती आत गेली. मी फळीवरचे सहा डबे खाली काढले आणि रडत रडत नोटा वाटल्या. अण्णांना वाटलं, जबाबदारीनं घाबरली पोरगी.

दुसऱ्याच दिवशी आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “संजू, रॉकेलला चार रुपये दे.”

मी डबा उघडून चार रुपये दिले. त्यानंतर ती रोज मागत राहिली. मिठाला आठ आणे दे. भावाच्या पेन्सिलीला दे. तिच्या आवाजात राग नसायचा, टोमणा नसायचा, काहीच नसायचं. मागायचं, घ्यायचं, उरलेले सुटे आणून माझ्या हातावर ठेवायचे. कुठल्याही शिक्षेपेक्षा मला ते जड जात होतं.

सहलीच्या आदल्या दिवशी कापराची डबी तिनंच काढून माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, “मी जात नाही. हप्त्यात घालते.”

“जायचं,” आई म्हणाली. “एवढं झाल्यावर आता नाही म्हणू नको.”

ती असं का म्हणाली, ते मला तेव्हा समजलं नाही. मी गेले. गोल घुमटावरच्या सज्जात बाईंनी आम्हाला अंतराअंतरानं उभं केलं. भिंतीला तोंड लावून हळू बोललं तरी समोरच्या टोकाला ऐकू येतं, म्हणाल्या. पोरी आपापली नावं घेत होत्या, खिदळत होत्या. माझी पाळी आली. मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, “निरोप मी दिला नाही.” इतकं हळू म्हटलं की माझं मला ऐकू आलं नाही. पण समोरून माझी मैत्रीण ओरडली, “काय म्हणालीस? कसला निरोप?”

“काही नाही,” मी म्हटलं.

सहलीहून आले तर आत्या आमच्या दारातून बाहेर पडत होती. डोळे सुजलेले. तिनं माझ्याकडं बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, मग मागं आईकडं बघून मिटलं. नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेली. “आत्या कशाला आली होती?” मी विचारलं. “सहज,” आई म्हणाली. “पाय धुऊन घे.”

कर्ज फिटायला त्यापुढं अडीच वर्षं लागली. मार्चअखेरचे पाचशे आम्ही वेळेत भरले, गुरुजींच्या पगाराला कधीच हात लागला नाही. अण्णा आईशी बोलत. जेवण झालं का, पाऊस आला, कपडे काढ. एवढंच. डबे माझ्याकडंच राहिले. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांतसुद्धा आई पुस्तकाआड उभी राहून विचारायची, “संजू, भाजीला दोन रुपये देतीस?”

शेवटचा हप्ता भरून अण्णा ‘येणे बाकी नाही’ असा शिक्क्याचा दाखला घेऊन आले, तो दिवस गुरुवार होता. दाखला देवापुढं ठेवला. आत्याला बोलावणं गेलं होतं. गुरुजी शाळेत होते, ती एकटीच आली. आई मला म्हणाली, “पेटीच्या तळाची मोरपंखी काढ.” तिनं ती नेसली. अडीच वर्षं तशीच राहिल्यानं घड्यांच्या रेषा काही केल्या मोडत नव्हत्या. तिला तो रंग फार शोभत होता.

आत्या आली, आईला त्या साडीत बघितलं आणि तिचा बांध फुटला.

“अण्णा, आता मला नाही राहवत. कर्ज फिटेपर्यंत बोलायचं नाही अशी शपथ घातली होती वहिनींनी मला. ते दीड हजार माझे होते. आईच्या कुड्या मोडल्या मी. गुरुजींना सांगितलं, विहिरीवर हरवल्या. तू सरळ हातानं घेतला नसतास म्हणून साडीत शिवून दिले. त्या दिवशी गुरुजी इथंच होते, माझं नाव आलं असतं तर... वहिनींनी सगळं स्वतःवर घेतलं.”

अण्णा खाली बसले. दाखल्याकडं बघितलं, आईकडं बघितलं.

“पण ती साडी आहेरात गेलीच कशी?” शेवटी ते म्हणाले.

“तेच तर,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “मी तर संजूकडं—”

आणि ती थांबली. पण नाव येऊन गेलं होतं. अण्णा माझ्याकडं वळले. मी सोळा वर्षांची होते, मला तोंड होतं, समोर सगळे माझेच होते. तरी माझी जीभ उचलली नाही.

“दिला होता तिनं निरोप,” आई म्हणाली. अगदी सहज, भाजीला मीठ घालावं तसं. “घरी आल्या आल्या सांगितलं. घडी मोड म्हणाली, आहेरात देऊ नको म्हणाली. मीच नाही ऐकलं. म्हटलं पुढंमागं साहेबांकडून काम पडेल, भारीतली साडी दिलेली बरी. माझीच हाव नडली.”

अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. “बाई गं,” ते म्हणाले. “एवढ्याशा हावेपायी!” आणि अडीच वर्षांत पहिल्यांदा ते आईकडं बघून हसले. डोळ्यांत पाणी होतं. “संजू, उद्यापासून डबे आईकडं.”

मी स्वैपाकघरात गेले. आई मागून आली. मला आत्ता कळलं होतं की ती पहिल्यापासून सगळं जाणून होती. आत्यानं मला एकटीला आत नेलेलं तिनं बघितलं होतं, आणि घरी आल्यावर साडी पुढं करणारी मीच होते. सहलीला जायचं म्हणाली तेव्हाही आणि चार रुपये मागायला समोर उभी राहिली तेव्हाही.

“आई, मी—”

“दूध आणलंय,” ती म्हणाली. “आज सगळ्यांच्या चहात घाल.”

याला आता पस्तीसएक वर्षं झाली. चंपाआत्या गेली, गुरुजी गेले, दोन वर्षांपूर्वी आई गेली. अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, माझ्याकडंच असतात. कानांनी कमी ऐकतात, पण गोष्टी सांगायची हौस दांडगी. मागच्या महिन्यात आईच्या श्राद्धाला भाऊ, त्याची मुलं, माझी मुलं, सगळे जेवून बसले होते, तेव्हा त्यांनी ही गोष्ट काढली. मेटॅडोर, डबे, चौगुले साहेब, पंधरा नोटा. पोरं पोट धरून हसत होती. अण्णा रंगवून सांगतातही छान.

“तुमची आजी तशी देवमाणूस,” शेवटी ते म्हणाले, “पण हाव फार. साहेबांवर छाप पाडायची म्हणून बहिणीचा निरोपसुद्धा ऐकला नाही! संजू, तू होतीस की गं तेव्हा. सांग की यांना. तूच दिला होतास ना निरोप?”

आई गेल्यावर तिचं कपाट मी आवरलं होतं. त्यात सगळ्या मिळून नऊ साड्या निघाल्या.

“नाही दिला, अण्णा,” मी म्हटलं.

“आँ?” त्यांनी कानामागं हात धरला. “काय म्हणालीस?”

पोरं हसायची थांबली होती. मी उठले, अण्णांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसले, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.